सर्व्हेत पैसे कोण घालतं आणि कशासाठी

नाशिकच्या सिडकोतल्या एका वाचकाने विचारलं आहे: "निवडणूक जवळ आली की आमच्या भागात व्हॉट्सअ‍ॅपवर दर आठवड्याला एक सर्व्हे येतो. प्रत्येकात वेगळाच माणूस पुढे. यात पैसे कोण घालतं? आणि ज्याला आकडा आपल्याच बाजूचा हवा आहे तो सर्व्हेच्या भानगडीत पडतोच कशाला, नुसता आकडा का छापत नाही? दारात टॅब घेऊन येणाऱ्या मुलांना उत्तर द्यावं की नाही?"

नाशिक जिल्ह्यात आणि शेजारच्या धुळ्याकडे मी बरीच वर्षं हे काम करतोय. आधी दारोदार फॉर्म भरायचो, मग सुपरवायझर झालो. आता प्रश्नावली, सॅम्पल (म्हणजे कुणाकुणाला विचारायचं त्याची निवड) आणि आलेल्या माहितीची छाननी बघतो. पक्षांसाठी काम केलंय, इच्छुकांसाठीही केलंय. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

सर्व्हेसाठी पैसा दोन कारणांनी सुटतो. एक तर पैसे देणाऱ्याला खरं काय आहे ते कळून घ्यायचं असतं. नाहीतर कुणाला तरी काहीतरी दाखवायचं असतं. पहिल्या प्रकारचा सर्व्हे तुमच्यापर्यंत येत नाही. आपण कुठल्या प्रभागात मागे आहोत, कोणत्या समाजात नाराजी आहे, कोणत्या माजी नगरसेवकाचं नाव काढलं की लोक तोंड फिरवतात, हे कागदावर आल्यावर तो कागद कुणी बाहेर सोडत नाही. म्हणून जो आकडा तुमच्या मोबाईलवर आला तो दाखवण्यासाठी बनवलेला असतो, किंवा निदान दाखवण्यासाठी निवडलेला असतो. निवडलेला हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. पाच सर्व्हे केले, चार कपाटात ठेवले आणि सोयीचा पाचवा बाहेर सोडला, तर त्या पाचव्यातला प्रत्येक आकडा खरा असूनही तुमची दिशाभूल होते.

पक्षाने पैसे दिले म्हणजे सर्व्हे खोटा, असं मात्र समजू नका. मी पाहिलेले सगळ्यात काटेकोर सर्व्हे पक्षांनीच स्वतःसाठी करून घेतलेले होते. एकाच मतदारसंघात दोन एजन्सी लावायच्या, एकीला दुसरीचा पत्ता लागू द्यायचा नाही, दहातला एक फॉर्म फोन करून पुन्हा तपासायचा, असा कडक बंदोबस्त असतो. ज्याला हरायची भीती आहे तो स्वतःला फसवायला पैसे देत नाही. संशय घ्यायचा तो सर्व्हे बाहेर येतो त्या वेळेचा आणि त्याच्या वाटेचा.

आता दाखवायचं कुणाला? बहुतेकांना वाटतं, मतदाराला. माझ्या अनुभवात मतदाराचा नंबर या रांगेत बराच मागे लागतो. सगळ्यात पुढे असतो तिकीट देणारा.

नाशिक पश्चिमसारख्या मतदारसंघात एका पक्षाकडे आठ-दहा इच्छुक असतात. मुंबईहून निरोप येतो की इलेक्टिव्ह मेरिट बघून तिकीट देणार. म्हणजे निवडून यायची ताकद दाखवा. ती दाखवायची कशाने? सभेला जमवलेल्या माणसांना श्रेष्ठी आता भुलत नाहीत, म्हणून रंगीत आलेख असलेला, स्पायरल बाइंडिंगचा अहवाल घेऊन मुंबई गाठली जाते. त्या अहवालाचा वाचक एकच माणूस असतो, फार तर तिघे. तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला आकडा पुष्कळदा त्याच अहवालाचं एक पान असतं. ते फिरवायचं कारण एवढंच की श्रेष्ठींच्या माणसाने शहरात चौकशी केली तर चार ठिकाणांहून तेच ऐकू यावं.

नुसता आकडा का छापत नाहीत, याचं उत्तरही इथेच आहे. श्रेष्ठींकडे स्वतःचे सर्व्हे असतात. पूर्ण बनावट आकडा तिथे दोन प्रश्नांत उघडा पडतो: कुठल्या बूथवर गेलात, फॉर्म दाखवा. म्हणून सर्व्हे खरोखर केला जातो, फॉर्म खरे असतात, माणसंही खरी असतात, फक्त सगळं आधीच एका बाजूला झुकवलेलं असतं. इच्छुक सातपूरचा असेल तर निम्म्याहून जास्त फॉर्म सातपूर आणि त्याला लागून असलेल्या प्रभागांतून येतात. प्रश्न विचारताना त्याचं नाव यादीत पहिलं असतं, किंवा आधी फोटो दाखवून "यांना ओळखता का" असं विचारून मग पसंती विचारली जाते. पक्षातला जो खरा प्रतिस्पर्धी आहे त्याचं नावच यादीत नसतं, तिसऱ्या फळीतले दोघे असतात. अशा यादीत ४८ टक्के मिळवणं अवघड नाही.

उलट बाजूनेही हे हत्यार चालतं. पक्षाचा सर्व्हे कुणी पाहिलेला नसतो, पण "तुमचा सर्व्हे निगेटिव्ह आला आहे" एवढं एक वाक्य बैठकीत टाकलं की विद्यमान आमदारही गप्प बसतो. ज्याला तिकीट द्यायचं नाही त्याला कारण म्हणून सांगता येईल अशी एक न दाखवायची फाईल, हासुद्धा सर्व्हेवर पैसे खर्च करण्याचा एक हेतू आहे. २०२४ च्या लोकसभेला महायुतीत हे उघडपणे झालं. हिंगोलीत शिवसेनेने जाहीर केलेला उमेदवार बदलला, यवतमाळ-वाशीम आणि रामटेकमध्ये विद्यमान खासदारांना तिकीट मिळालं नाही आणि मित्रपक्षाच्या सर्व्हेंचं कारण पुढे केलं जातंय अशी शिवसेनेतल्यांची नाराजी वर्तमानपत्रांत आली. नाशिकची जागा कुणाची हे ठरता ठरत नव्हतं. छगन भुजबळांनी १९ एप्रिलला आपण शर्यतीत नसल्याचं जाहीर केलं, हेमंत गोडसेंचं नाव १ मे रोजी आलं आणि मतदान होतं २० मे रोजी. निकालात विरोधातल्या ठाकरे गटाचे राजाभाऊ वाजे १ लाख ६२ हजार मतांनी निवडून आले. जागा अडून राहिली की आकड्यांना भाव येतो, कारण प्रत्येक दावेदाराला वाटाघाटीच्या टेबलावर ठेवायला काहीतरी लागतं.

हा पैसा उमेदवाराच्या निवडणूक खर्चात दिसत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाख आहे, पण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे उमेदवाराचा हिशोब उमेदवारी अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत धरतात. तिकिटासाठीचे सर्व्हे त्याच्या कितीतरी आधी झालेले असतात. पक्षाच्या खर्चाला तर मर्यादाच नाही. शिवाय बिल इच्छुकाच्या नावाने क्वचित निघतं. पैसे देणारा त्याचा मित्र असतो, बांधकाम व्यावसायिक किंवा ठेकेदार, ज्याची कामं पुढची पाच वर्षं त्या माणसाच्या निवडून येण्यावर अवलंबून आहेत. त्याचाही हिशोब सरळ असतो. उमेदवारावर मोठी रक्कम लावण्याआधी घोडा धावतो की नाही हे त्याला बघायचं असतं. एकाच ठेकेदाराने एकाच मतदारसंघात दोन विरोधी इच्छुकांच्या सर्व्हेला पैसे दिल्याचं मी पाहिलं आहे. त्याला पक्षाशी देणंघेणं नव्हतं. कुणाकडे जाऊन बसायचं, एवढंच ठरवायचं होतं.

पैसे नेमके कुणाचे, हा प्रश्न महाराष्ट्रात सगळ्यात मोठ्याने विचारला गेला तो जून २०२३ मध्ये. १३ जूनला राज्यभरच्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात आली: 'राष्ट्रात मोदी, महाराष्ट्रात शिंदे'. एका सर्व्हेचा हवाला देऊन त्यात म्हटलं होतं की मुख्यमंत्री म्हणून एकनाथ शिंदेंना २६.१ टक्के आणि देवेंद्र फडणवीसांना २३.२ टक्के लोकांची पसंती आहे. भाजपमध्ये नाराजी उसळली. दुसऱ्या दिवशी नवी जाहिरात आली, या वेळी दोघांचे फोटो आणि ४९.३ टक्के लोकांची पसंती शिंदे-फडणवीस जोडीला. बेरीज करून बघा: २६.१ अधिक २३.२. पाहणी तीच, लोकांची उत्तरं तीच. पहिल्या दिवशी त्यांचा अर्थ होता 'हे पुढे, ते मागे' आणि चोवीस तासांत अर्थ झाला 'दोघे मिळून निम्मा महाराष्ट्र'. जाहिरात दिली कुणी, तर शिवसेनेकडून सांगितलं गेलं की पक्षाने नाही, एका हितचिंतकाने दिली. मी नवीन मुलांना ट्रेनिंग देताना या दोन जाहिराती शेजारीशेजारी ठेवतो. आकडा खरा की खोटा हा वाद तिथे उपयोगाचा नाही. पहिली जाहिरात कुणी वाचावी म्हणून होती आणि दुसरी कुणी, हे विचारलं की सगळं कळतं. दोन्ही वेळा मतदान लांब होतं, म्हणजे मतदाराला घाईने काही ठरवायचं नव्हतं. ठरवायचं होतं ते युतीतल्या माणसांना.

रांगेत यानंतर येतात देणगीदार, कार्यकर्ते आणि कुंपणावर बसलेले स्थानिक पुढारी. महापालिकेच्या बहुतेक प्रभागांत चार जणांचं पॅनेल असतं. पाचवा, सहावा नाराज इच्छुक कुठल्या बाजूला जाईल हे शेवटच्या आठवड्यात ठरतं आणि तो हवा बघून ठरवतो. माझ्या मते पक्षपाती सर्व्हेचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. मतदार एखाद्या आकड्याने सहज बदलत नाही, त्याची स्वतःची कारणं पक्की असतात. पण ज्या उमेदवाराकडे पैसा नाही, फक्त चाळीस-पन्नास पोरं आणि दहा वर्षांचं काम आहे, त्याच्याविषयी "तो तर चौथ्या नंबरवर आहे" असं तीनदा फिरलं की पोरं गळतात, मंडपवाला उधारी देत नाही आणि बूथवर बसायला माणूस मिळत नाही. मग तो खरोखर चौथा येतो. चांगली माणसं अशी संपलेली मी पाहिली आहेत आणि ते पाहणं मला अजून सोपं झालेलं नाही.

मतदारासाठी म्हणून जो सर्व्हे सोडला जातो त्याचा निरोप बहुतेक वेळा 'आम्ही जिंकतोय' असा नसतो. 'तिसऱ्याला दिलेलं मत वाया जाईल' असा असतो. म्हणून अशा सर्व्हेत पहिल्या दोघांत अंतर कमी दाखवतात आणि तिसऱ्याला एक आकडी टक्क्यावर ठेवतात. हा नमुना दिसला की ओळखा, तिसऱ्याची मतं ओढायचं काम चालू आहे.

आता झुकवतात कसं ते जवळून दाखवतो, कारण जाणूनबुजून केलेली फिरवाफिरवी आणि आळसाने झालेली चूक यांत फरक करता आला पाहिजे.

प्रश्नाची भाषा बघा. तपोवनातल्या झाडांचा वाद नाशिककरांना माहीत आहे. कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी झाडं तोडण्याच्या प्रस्तावाला २०२५ च्या अखेरीस शहरात मोठा विरोध झाला. यावर मत घ्यायचं तर "साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायला तुमचा पाठिंबा आहे का?" असं विचारता येतं, आणि "सिंहस्थाला येणाऱ्या साधू-संतांची सोय व्हावी म्हणून तपोवनात जागा उपलब्ध करून द्यायला तुमचा पाठिंबा आहे का?" असंही विचारता येतं. दुसऱ्या प्रश्नात झाड हा शब्दच नाही. एकाच गल्लीतून शहराचे दोन वेगळे कौल आणता येतात. आणि हा प्रश्न उमेदवाराच्या पसंतीच्या आधी ठेवला की पुढचं उत्तरही हलतं. काही प्रश्नावल्यांना तर उत्तरं नकोच असतात. "अमुक उमेदवारावर भूखंड लाटल्याचा आरोप आहे, हे माहीत असूनही तुम्ही त्याला मत द्याल का?" असा फोन हजारो घरांत गेला की काम झालं. उत्तर कुणी नोंदवतच नाही, कारण तो सर्व्हेच्या वेशातला प्रचार असतो. फोन करणाऱ्याने वय, शिक्षण, मागच्या वेळचं मत यातलं काहीच विचारलं नाही आणि मिनिटाभरात फोन ठेवला, तर तो सर्व्हे नव्हता असं समजा.

मग प्रश्न येतो, विचारलं कुणाला. निफाड, चांदवड, येवल्यात शेतकरी गावठाणात कमी आणि मळ्यात जास्त राहतो. सर्व्हेवाला मुलगा मोटरसायकलवर येतो, एसटी स्टँड, पार, बाजार समितीच्या बाहेरची चहाची टपरी, अशा ठिकाणी फॉर्म उरकतो. तिथे भेटतो तो माणूस रिकामा असतो, पुष्कळदा कुठल्यातरी पुढाऱ्याचा असतो आणि जवळजवळ नेहमी पुरुष असतो. कांदा निर्यातबंदी ८ डिसेंबर २०२३ ला आली आणि ४ मे २०२४ ला उठली, तीही ४० टक्के शुल्क ठेवून. दिंडोरी मतदारसंघातला त्याबद्दलचा राग स्टँडवर उभं राहून पुरता कळत नव्हता. तो मळ्यातल्या कांद्याच्या चाळीपाशी, सडणाऱ्या मालाजवळ उभं राहिल्यावर कळत होता. सुरगाणा आणि पेठचं आणखी वेगळं. तिथली कामाची माणसं द्राक्षांच्या हंगामात निफाड-दिंडोरीच्या बागांवर असतात. मार्चमध्ये पाड्यावर गेलात तर म्हातारी माणसं आणि लहान मुलं भेटतात. घर बंद म्हणून शेजारचं घर घेतलं की सॅम्पल पूर्ण होतं, पण मतदार मात्र चाळीस किलोमीटरवर द्राक्षाची काढणी करत असतो. यात कुणाचा डाव नसतो, पैसे वाचवलेले असतात. घरी कुणी नसेल तर तिथे पुन्हा जाण्याचा खर्च ज्याने मंजूर केला त्याचा सर्व्हे चांगला, ही माझी सगळ्यात सोपी कसोटी आहे.

नाव विचारलं की चिन्ह, यानेही निकाल फिरतो. दिंडोरीत २०२४ ला शरद पवार गटाचे भास्कर भगरे 'तुतारी वाजवणारा माणूस' या चिन्हावर निवडून आले. त्याच मतदारसंघात भगरे आडनावाच्याच एका अपक्षाला 'तुतारी' चिन्ह मिळालं होतं आणि त्याला एक लाखाहून जास्त मतं पडली, तो तिसरा आला. तोंडी "कुणाला मत देणार" विचारणाऱ्या सर्व्हेत हा माणूस दिसणं शक्य नव्हतं. मतदान यंत्रावर असतो तसा चिन्हांचा छापील कागद हातात देऊन बोट ठेवायला सांगितलं, तरच तो दिसला असता.

धुळ्याचं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे नाशिक जिल्ह्यातले तीन विधानसभा मतदारसंघ धुळे लोकसभेत येतात. २०२४ ला सहापैकी पाच मतदारसंघांत भाजपचे सुभाष भामरे पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यने काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना एवढी आघाडी दिली की त्या ३,८३१ मतांनी जिंकल्या. आता सर्व्हे करणाऱ्याच्या जागी उभे राहा. मालेगाव मध्यमध्ये बायका अनोळखी पुरुषाला दार उघडत नाहीत, म्हणून उर्दू बोलणाऱ्या मुली टीममध्ये हव्यात. त्या मिळाल्या नाहीत म्हणून तिथले फॉर्म थोडे कमी भरले, किंवा तिथे किती टक्के मतदान होईल हा अंदाज दोन टक्क्यांनी चुकला, तर खासदार बदलतो. आणि कुणाला मुद्दाम झुकवायचं असेल तर काही खोटं लिहावं लागत नाही. "मालेगावचं काम अवघड गेलं" एवढी एक ओळ पुरते.

सॅम्पलचा आकार हा लोकांना सगळ्यात जास्त फसवणारा भाग. "शहरातल्या १,००० मतदारांचा सर्व्हे" हे ऐकायला भरपूर वाटतं आणि पूर्ण शहराच्या पातळीवर ते खरंच बरं आहे. निवड नीट झाली असेल तर चूक तीन टक्के इकडे किंवा तिकडे. पण नाशिक महापालिकेत १२२ नगरसेवक ३१ प्रभागांतून निवडून जातात. १,००० फॉर्म म्हणजे एका प्रभागाला सरासरी ३२. बत्तीस माणसांवरून काढलेल्या टक्केवारीत सतरा टक्क्यांपर्यंत चूक सहज बसते. म्हणजे ३५ टक्क्यांचा माणूस १८ वरही असू शकतो आणि ५२ वरही. तरीही त्यावरून "प्रभागनिहाय कल" छापले जातात आणि ते तुमच्या ग्रुपवर येतात. असा तक्ता बनवणाऱ्याला हे गणित माहीत असतं. तो अजाणतेपणी बनवत नाही.

एक्झिट पोलबद्दल, म्हणजे मत देऊन आलेल्यांना विचारून काढलेल्या अंदाजाबद्दल, सगळे विचारतात म्हणून लिहितो. १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक एजन्सींनी एनडीएला ३५० च्या पुढे नेलं, काहींनी ४०० दाखवले. प्रत्यक्षात २९३ आले. मधल्या ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला आणि ४ जूनला जवळपास ४,४०० अंकांनी कोसळला. यात कुणी ठरवून पैसे कमावले असा आरोप विरोधकांनी केला, संयुक्त संसदीय समितीची मागणीही झाली. एवढा पैसा एका संध्याकाळच्या आकड्यावर हलतो हे सगळ्यांनी पाहिलं. पण चुकलेला आकडा म्हणजे विकलेला आकडा, हा निष्कर्ष मला मान्य नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात बहुतेक एक्झिट पोलनी महायुतीला काठावरचं किंवा बरं बहुमत दिलं होतं आणि तीन पक्षांचे मिळून २३० आमदार आले. आपल्या जिल्ह्यात १५ पैकी १४. जूनमध्ये सत्ताधाऱ्यांच्या बाजूने चूक आणि नोव्हेंबरमध्ये त्यांच्या विरुद्ध. दोन्ही वेळा पैसे देणारे बदलले नव्हते. कौल एका बाजूला जोरात वळला की आपलं तंत्र अपुरं पडतं, हे आमच्या धंद्याने मान्य करायला हवं.

चूक नावानिशी कबूल झाल्याचा एक अपवाद सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सीएसडीएस या दिल्लीच्या संशोधन संस्थेच्या संजय कुमार यांनी समाजमाध्यमावर आकडे टाकले: लोकसभा ते विधानसभा या सहा महिन्यांत देवळालीत मतदार ३६ टक्क्यांहून जास्त घटले, नाशिक पश्चिममध्ये ४७ टक्के वाढले. आकडे चुकीचे होते. दोन दिवसांत त्यांनी पोस्ट काढली आणि जाहीर माफी मागितली. तोवर ते राजकीय भाषणांत पोहोचले होते आणि पुढे नाशिकमध्ये गुन्हाही दाखल झाला. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने कारवाई स्थगित केली. लगेच प्रश्न आला, या संस्थेला पैसे कोण देतं? तो विचारायलाच हवा. पण त्या संस्थेला सरकारी अनुदान मिळतं हे उघड आहे, चूक कुठे झाली हे सांगितलं गेलं आणि नाव लपवलं गेलं नाही. हाच प्रश्न तुमच्या ग्रुपवर आलेल्या बिननावी तक्त्याला विचारून बघा, कुणीही उत्तर देणार नाही. देवळालीतले मतदार किती हे तर कुणालाही निवडणूक आयोगाच्या आकडेवारीत तपासता येत होतं. बिननावी तक्त्यात तपासायला काहीच नसतं.

कायद्याचं थोडक्यात. मतदान सुरू झाल्यापासून संपल्यानंतर अर्ध्या तासापर्यंत एक्झिट पोल दाखवायला बंदी आहे, कलम १२६अ, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. मतदान संपण्याआधीचे ४८ तास टीव्हीसारख्या माध्यमांतून ओपिनियन पोलही, म्हणजे मतदानाआधीचा सर्व्हेही, दाखवता येत नाही. म्हणजे कधी दाखवायचं यावर कायदा आहे. पैसे कुणी दिले हे सांगायचं बंधन नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये एका वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने अकरा एजन्सींशी बोलणी केली आणि पैसे घेऊन आकडे फिरवायची तयारी दिसल्याचा दावा केला. त्यानंतर २०१५ मध्ये विधी आयोगाने २५५ व्या अहवालात सर्व्हे करणाऱ्यांनी आपली माहिती आणि पद्धत जाहीर करावी अशी शिफारस केली. अजून तसा कायदा नाही. बंदीला माझा विरोध आहे, कारण बंदी आली की फक्त कपाटातले सर्व्हे उरतील आणि ते बघायची सोय श्रीमंतांनाच असेल. पैसे देणाऱ्याचं नाव, तारखा, किती बूथ, मूळ प्रश्न, एवढं छापणं सक्तीचं केलं तर सामान्य मतदाराच्या हातात खरोखर काहीतरी येईल. त्यासाठी आमच्या धंद्यातल्या लोकांनीच बोलायला हवं आणि मी बोलत राहणार आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. दारातल्या मुलांना उत्तर द्या. ती मुलं बहुतेक केटीएचएमला किंवा नाशिकरोडच्या कॉलेजात शिकणारी असतात, फॉर्ममागे पैसे मिळतात आणि दिवसभर उन्हात फिरतात. तुमच्यासारख्या लोकांनी दार लावलं तर सर्व्हेत फक्त कट्ट्यावरची मतं उरतात. पण आधी तीन गोष्टी विचारा: कुठल्या संस्थेचं काम आहे, ओळखपत्र दाखव, माझं नाव आणि मोबाईल नंबर का हवा आहे. नंबर फक्त तपासणीसाठी आहे असं तो म्हणाला तर ते खरं असू शकतं. तरीही द्यायचा नसेल तर देऊ नका, उत्तर तेवढंच मोलाचं राहतं.

मतदारयादीतला अनुक्रमांक, घरातल्या प्रत्येकाचं नाव, जात आणि फोन असं सगळं एकत्र विचारायला लागला तर समजा की त्याला मत मोजायचं नाही, यादी बनवायची आहे. आजकाल अनेक सर्व्हेंवर पैसे याचसाठी घातले जातात. टक्केवारी मिळाली तर मिळाली, खरा माल म्हणजे खुणा केलेली मतदारयादी: हा आपला, हा त्यांचा, हा पैशाने वळेल. ती यादी मग शेवटच्या दोन रात्री वापरली जाते. आणि कुणी सर्व्हेच्या नावाखाली "निवडून आल्यावर या योजनेचा लाभ मिळेल, इथे नाव नोंदवा" असा फॉर्म पुढे केला तर तो घेऊ नका. २ मे २०२४ ला निवडणूक आयोगाने सगळ्या पक्षांना हे थांबवायला सांगितलं होतं आणि मतदाराला लाच देण्याच्या कलमाचा उल्लेख केला होता. अशा फॉर्मचा फोटो काढा. आचारसंहिता लागू असेल तर लोकसभा-विधानसभेच्या वेळी आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर टाका. महापालिकेची निवडणूक असेल तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या.